सूक्ष्मप्लॅस्टिकवर लवंगेचा उतारा?

शेंगदाण्याचे कूट फार दिवस राहिले की खवट होते. असे का होते? तेलातील मेदाम्लांच्या रेणूंत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. त्यांच्या लगतचा हायड्रोजनचा अणू सहज निसटतो. मागे राहिलेल्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो. अशा रेणूला मुक्त मूलक म्हणतात. तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजारी तेच करतो. अशी साखळीच सुरू होते.

हीच क्रिया आपल्या शरीरातही घडते आणि शुक्राणूला तिचा विशेष धोका असतो. शुक्राणूचे पटल लवचीक असावे लागते, म्हणून त्यात अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले भरपूर असतात. मुक्त मूलकांना आवर घालणारी विकरे मात्र मुख्यतः पेशीद्रवात असतात, आणि शुक्राणूत पेशीद्रव अगदी थोडा असतो. म्हणजे माल लवकर खवटणारा आणि राखणदार मोजके!

आता प्लॅस्टिककडे वळू. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली २३ पुरुषांच्या वृषणांतील ऊती तपासल्या. प्रत्येक नमुन्यात प्लॅस्टिक आढळले. त्याचा या पुरुषांच्या शुक्राणूंवर काय परिणाम झाला, हे त्यातून कळले नाही. कारण रसायनात टिकवलेल्या ऊतींत शुक्राणू मोजता येत नव्हते. प्रयोगशाळेतील उंदरांना पॉलिस्टायरिनचे कण दिल्यावर मात्र वृषणातील मुक्त मूलके वाढली आणि शुक्राणूंची संख्या व हालचाल कमी झाली.

येथे वनस्पतींचा संबंध येतो. उन्हातील अतिनील किरणांपासून बचाव करण्यासाठी वनस्पती फिनॉल वर्गातील अनेक संयुगे तयार करतात. ही संयुगे आपला हायड्रोजन मुक्त मूलकाला देऊन टाकतात. मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्यांच्या वलयात विखुरला जातो. त्यामुळे ती स्वतः शेजाऱ्यावर तुटून पडत नाहीत आणि साखळी तुटते. लवंगेत सापडणारे रॅम्नेटिन हे असेच एक संयुग. पाकिस्तानातील फैसलाबादच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पॉलिस्टायरिनबरोबर रॅम्नेटिन दिलेल्या उंदरांमध्ये वृषणांची हानी कमी झाली आणि विकरांचे काम सुधारले.

मग रोज लवंग चघळावी काय? तसा निष्कर्ष काढता येत नाही. उंदरांना शुद्ध संयुग मोजून दिले होते. आपण खाल्लेल्या अशा संयुगांचे आतडे व यकृत चटकन रूपांतर करतात. रक्तात मूळ स्वरूपात फार थोडे पोचते. शिवाय ही संयुगे कण बाहेर काढत नाहीत, केवळ त्यांच्यामुळे होणारी हानी कमी करतात. माणसांवरील अनुभवही सावध करणारा आहे. अमेरिकेत वंध्यत्वाची तक्रार असलेल्या पुरुषांना क आणि ई जीवनसत्त्वे, सेलेनियम आणि टोमॅटोतील लायकोपीन यांसारख्या ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या पदार्थांचे मिश्रण देऊन पाहिले. ही चाचणी प्लॅस्टिकविषयी नव्हती. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर शुक्राणूंत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. माणसात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. तेव्हा हा अवधी अपुरा होता, असेही म्हणता येत नाही.

त्यापेक्षा कण पोटात कमी जातील असे पाहणे अधिक खात्रीचे. पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत पाणी जितके गरम, तितके कण अधिक सुटतात, हे आयर्लंडमधील संशोधकांनी २०२० साली बाळांच्या दुधाच्या बाटल्यांवर दाखवले. गरम चहा, आमटी, दूध यांसाठी स्टीलचे भांडे आपल्या घरात असतेच.

‘नैसर्गिक संरक्षण’ अशी जाहिरात विद्यार्थी वर्गात घेऊन आले, तर त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावे. प्रयोग कोणावर केला? मात्रा किती होती? आणि मूळ कारण दूर झाले का?