एएस/४०० : यंत्र टिकले, भरवसा डळमळला

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हा संगणक जाहीर केला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथे घडलेले हे यंत्र सिस्टीम/३६ आणि सिस्टीम/३८ यांचा वारसा पुढे नेणारे होते. मेनफ्रेम परवडत नाही, पण गोदामाचा हिशेब, बिले आणि पगारपत्रक वेळेवर, बिनचूक निघायलाच हवे, अशा मध्यम उद्योगांसाठी ते बनवले होते. डेटाबेस आणि सुरक्षा कार्यप्रणालीतच असल्यामुळे एक-दोन माणसांवरही कंपनीचा संगणक विभाग चालू शकत असे.

या यंत्राची खरी करामत पडद्याआड आहे. फ्रँक सॉल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमला प्रोसेसरशी थेट बोलू दिले नाही. प्रोग्रॅम एका काल्पनिक यंत्राला सूचना देतो आणि त्या खऱ्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवण्याचे काम आतली प्रणाली करते. याची कसोटी १९९५ मध्ये लागली. जुने ४८-बिट प्रोसेसर जाऊन ६४-बिट पॉवरपीसी जातीचे प्रोसेसर आले. एरवी अशा बदलात सारे सॉफ्टवेअर नव्याने बांधावे लागते. इथे जुन्या टेपवरचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चढवला, की प्रणाली त्याचे भाषांतर स्वतःच करून घेई. डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी ज्यांनी प्रोग्रॅममधला मधला मसुदा, म्हणजे काल्पनिक यंत्रासाठीच्या सूचना, काढून टाकला होता, त्यांना मात्र मूळ सोर्स कोड शोधावा लागला. तो हरवला असेल तर मोठीच अडचण. तरीही ग्राहकाची गुंतवणूक इतक्या निगुतीने जपणारी रचना संगणकाच्या इतिहासात विरळाच.

मग भरवसा का डळमळला? यंत्र बंद पडू लागले म्हणून नव्हे. पहिले कारण नावांचे. २००० मध्ये आयसीरीज, २००४ मध्ये आय५, २००६ मध्ये सिस्टीम आय. २००८ मध्ये तर वेगळे यंत्रच उरले नाही. एआयएक्स आणि लिनक्स या कार्यप्रणाली चालवणाऱ्या पॉवर सर्व्हरवरच एएस/४००ची कार्यप्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने चालू लागली. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय योग्य होता, पण ज्याचे नाव दर काही वर्षांनी बदलते, ते उद्या असेल का, ही शंका वित्त विभागाला येणारच. वापरणारे आजही ‘एएस फोर हंड्रेड’ म्हणतात.

दुसरे कारण पैशाचे. हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर बसून होणाऱ्या कामाच्या क्षमतेसाठी काही वर्षे वेगळी, भारी किंमत मोजावी लागे. बहुतेक ग्राहकांचे रोजचे काम तेच होते. निष्ठेचा दंड भरतो आहोत, ही भावना तिथे रुजली.

तिसरे कारण डोळ्यांना दिसणारे. २४ ओळी, ८० रकाने, माऊस नाही. सरावलेला कारकून आकडे भरतो, एंटर दाबतो, एफ३ दाबून बाहेर पडतो. हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नाही. पण खिडक्या आणि चित्रे पाहायची सवय झालेल्या नव्या संचालकाला त्यात केवळ म्हातारपण दिसते.

सर्वांत खोल कारण माणसांचे आहे. या यंत्राची मुख्य भाषा आरपीजी. जुन्या पद्धतीत तिची प्रत्येक ओळ रकान्यांत बसवावी लागे: सहाव्या रकान्यात ‘सी’ लिहिले तर ती आकडेमोडीची ओळ, ‘एफ’ लिहिले तर फाइलची. रकाना चुकला की अर्थ चुकला. आता ही भाषा मोकळेपणी लिहिता येते, पण तिची जुनी ओळख पुसलेली नाही. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतही परदेशी ग्राहकांच्या एएस/४०० प्रणाली सांभाळल्या जातात. मात्र या कामाकडे वळणारी तरुण मुले थोडी. वीस-तीस वर्षांचे व्यवहाराचे नियम ज्याच्या डोक्यात आहेत तो माणूस निवृत्त झाला, की प्रणाली चालू राहते, पण तिला हात लावायला कोणी धजत नाही. तिथूनच ती बदलण्याची भाषा सुरू होते. एक ग्राहक गेला की सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांची बाजारपेठ आकसते, आणि ते पाहून दुसराही विचारात पडतो.

एप्रिल २०२५ मध्ये ‘आयबीएम आय’ची ७.६ ही आवृत्ती आली. रकान्यांत लिहिलेली आरपीजी तिच्यावरही कंपाइल होते आणि चालते.