नवे रिव्हॉल्व्हर, पाचटाचे पोते आणि उसातले डुक्कर



या पानावर एरवी आपण बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा आडवळणाचा आहे. पण तो उसाच्या फडातूनच निघाला, म्हणून लिहावयास घेतला.

आमच्या मूर्तिजापूर गटात एक जुने सभासद आहेत. सारा गाव त्यांना बापू म्हणतो, आपणही बापूच म्हणू. शेतीबरोबर त्यांचा वाहतुकीचा धंदा आहे. रोकड घेऊन रात्री-बेरात्री फिरावे लागते, सबब स्वसंरक्षणासाठी त्यांना शस्त्रपरवाना मिळालेला आहे. दिवाळीनंतर नोंदीच्या कामाने मी त्यांच्या वावरात गेलो, तर अर्धा एकर ऊस रानडुकरांनी लोळविलेला. बुडखे फोडलेले, कांड्या चघळून टाकलेल्या. आपल्याकडे चहूकडे कपाशी, तूर, हरभरा. मधेच कुठे दोन-चार एकर ऊस. म्हणजे जनावराला दिवसा लपायला आयता वाडाच.

बापूंनी कमरेला हात लावला आणि म्हणाले, "साहेब, आता या डुकराइची खैर नाही. कानपूरचं नवं रिव्हॉल्व्हर आणलं हाय. दिसाले लहानसं, पण पन्नास मीटर मारते म्हणते."

मी म्हटले, "बापू, आधी रेंजवर मारून पाहू. उसाचं मग पाहू."

या रिव्हॉल्व्हरचे नाव 'प्रबल'. कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याचा हा माल १८ ऑगस्ट २०२३ रोजी बाजारात आला. बोअर ०.३२, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम. जुने देशी रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मोडून भरावे लागे. याचे काडतुसांचे चाक बाजूला बाहेर येते. त्याआधी, २०१४ साली, कानपूरहूनच 'निर्भीक' नावाचे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर निघाले होते. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर स्त्रियांना पर्समध्ये बाळगता यावे, हा त्यामागचा विचार. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात होती. बापूंनी आपल्या रिव्हॉल्व्हरची किंमत सांगितली नाही, मीही विचारली नाही. घरात वहिनी होत्या.

ठरल्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका रेंजवर गेलो. परवाना बापूंचा, म्हणून चालविले त्यांनीच. माझ्याकडे भोके मोजण्याचे काम; प्लॉट मोजण्याचा टेप गाडीत होताच. निशाण म्हणून आम्ही साखरेचे रिकामे पोते पाचट भरून सोबत नेले होते. पन्नास किलोचे पोते आडवे टांगले की मध्यम डुकराएवढे दिसते. रेंजवरचे प्रशिक्षक आधी हसले, मग म्हणाले, कल्पना वाईट नाही.

त्यांनी पहिला अर्धा तास एक काडतूसही भरू दिले नाही. नळीचे तोंड सदैव निशाणाकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. रिकामे आहे असे कोणी सांगितले तरी स्वतः उघडून पाहायचे. कानांवर जाड आवरण, डोळ्यांवर चष्मा. बापू कुरकुरले, "काऊन साहेब, लगन लावता का आमचं?" पण पहिला बार झाला आणि कानावरचे आवरण त्यांनी आपणहून नीट बसविले.

सात मीटरवर सहापैकी सहा गोळ्या पोत्यात लागल्या, सगळ्या एका भाकरीएवढ्या जागेत. बापूंची छाती फुगली. पंधरा मीटरवर सहापैकी चार. पंचवीस मीटरवर बारा मारल्या, तीन लागल्या. त्यांतली एक तर पोत्याची शिवण चाटून गेली. पन्नास मीटरवर सहा मारल्या. मी पोते दोनदा उलटसुलट करून पाहिले. एकही नवे भोक नव्हते. भर दुपार होती, बापू दोन पायांवर स्थिर उभे होते आणि पोते जागचे हलत नव्हते, हे लक्षात घ्या.

माल वाईट आहे असे मी म्हणत नाही. चाक सुरळीत फिरते, पकड चांगली आहे, एकही काडतूस फुसके गेले नाही. अडचण लांबीची आहे आणि ती आपल्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल. सरी पाडताना दोन खुंट्या हातभर अंतरावर ठोकून दोरी पुढे नेली तर शेवटाला सरी कुठे जाईल? खुंट्या जितक्या दूर, तितकी सरी सरळ. बंदुकीचेही तसेच. मागची खाच आणि टोकावरची माशी या दोन खुंट्या. या लहान रिव्हॉल्व्हरवर त्यांच्यात सुमारे दहा सेंटिमीटर अंतर. माशी एक मिलिमीटर हलली तर पंचवीस मीटरवर गोळी पंचवीस सेंटिमीटर बाजूला जाते. लांब नळीच्या बंदुकीत हेच अंतर पाऊण मीटर धरा, म्हणजे तेवढ्याच चुकीला फरक पडतो तीन सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय घोडा आधी न चढविता नुसता चाप ओढला तर तो जड लागतो आणि हात हमखास खाली जातो. मी स्वतः छऱ्याचे एअर पिस्तूल दहा मीटरवरून मारून पाहिले. त्याला ना धक्का, ना आवाज. तरी माझे कार्ड पाहून प्रशिक्षकांनी विषय बदलला.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. त्या प्रकारात नळी १५३ मिलिमीटरपर्यंत आणि वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते. बापूंच्या हातातले हत्यार दोन्ही बाबतींत त्या मर्यादेच्या जवळजवळ निम्मे. आणि निशाणाच्या मधल्या पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळी घालण्यासाठी त्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे घालविलेली असतात. आपण महिन्यातून एकदा पेटीतून काढून तेल लावणार.

पन्नास मीटर म्हणतात ती उपयोगाची मर्यादा. चुकलेली गोळी तिथे थांबत नाही, शेकडो मीटर पुढे जाते. ऊस तिला अडवीत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या जिल्ह्यात, एका रात्री मी पाण्याच्या पाळीची पाहणी करावयास गेलो होतो. बारे भरले की नाही ते पाहायला उसात वाकलो असताना धडाका झाला आणि डोक्यावरचे वाढे तुटून अंगावर पडले. शेतमालकाने सळसळ ऐकून ठासणीची बंदूक उडविली होती. मी "अहो, माणूस आहे!" म्हणून ओरडलो, तसा तो बंदूक टाकून धावत आला आणि माझे पाय धरून लहान मुलासारखा रडला. त्याचे नाव मी तेव्हाही कोणाला सांगितले नाही. पण अजूनही रात्री उसात शिरण्यापूर्वी मी मोठ्याने खोकतो. हंगामात तर पहाटे चारपासून तोडीची माणसे फडात असतात, त्यांच्या कोप्या बांधालगत, पोरे तिथेच झोपलेली.

कायद्याचेही दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास पटले, तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक. रिव्हॉल्व्हरचा तिथे उल्लेख नाही. आणि बंदूक कोणतीही असो, रानडुक्कर व रोही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. उभ्या पिकाला धोका झाला तर कलम ११ प्रमाणे वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना मारले तर गुन्हा, आणि परवान्यावर गदा येते ती वेगळी. लग्नात हौसेने बार काढणाऱ्यांसाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. हे जाता जाता सांगितले, कारण लगीनसराई जवळ आली आहे.

परतताना बापू बराच वेळ गप्प होते. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाले, "साहेब, पैशाच्या थैलीसाठी ठीक हाय हे. डुकरासाठी नाही." मग आम्ही त्यांच्या फडाविषयी बोललो. धुरे साफ करणे, खालचे पाचट काढून ऊस आतून मोकळा करणे, शेजारच्या तिघांनी लागण लागून लागून घेऊन जागल वाटून घेणे, आणि नुकसान झाल्याबरोबर वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करविणे. कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आजच काढून टाकावा. त्याने डुकराआधी माणूस मरतो.

ते पोते सध्या गट कार्यालयात, मापाच्या काट्यामागे खिळ्याला टांगले आहे. कोणती भोके किती मीटरवरची, ते मी खडूने लिहून ठेवले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सोमवारी बाजाराच्या दिवशी यावे. त्या दिवशी मी दुपारी तीनपर्यंत तिथेच असतो.