आजोबांचे जन्मगाव

गेल्या वर्षी पर्युषणानंतर क्षमापनेच्या दिवशी शिकागोहून माझ्या पुतणीचा फोन आला. जय जिनेंद्र झाले, खमतखामणा झाला, घरातील थोरामोठ्यांची विचारपूस झाली. मग क्षणभर थांबून तिने विचारले, "काका, आजोबांचा जन्म आंजीतच झाला होता ना? तसा एखादा कागद आपल्याकडे असेल का?"

प्रश्न साधा होता. मला मात्र त्याचे उत्तर देता आले नाही. वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) हे आमचे गाव. धान्य आणि कापसाच्या व्यापारात आमच्या तीन पिढ्या येथे वाढल्या. मोठे काका, म्हणजे पुतणीचे आजोबा, आमच्या जुन्या वाड्यातील माजघरात जन्मले, हे गावातील कोणताही वृद्ध सांगेल. परंतु गावाने सांगणे वेगळे आणि कागदाने सांगणे वेगळे. व्यापारी घरात जन्म घेऊनही हा भेद मला साठीनंतर उमजला.

पुतणीला काही वर्षे भारतात राहून काम करायचे होते. त्यासाठी तिला ओसीआय, अर्थात 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणून नोंदणी हवी होती. ही योजना २००५ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने आकारास आली. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचा नागरिक असलेली, अथवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र असलेली व्यक्ती, तसेच तिची मुले, नातवंडे आणि पतवंडे यांना या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. मात्र स्वतः अर्जदार किंवा त्याचे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक असल्यास ही वाट बंद होते.

बहुतेक घरांत ही नोंदणी फारशी अवघड जात नाही, कारण आई किंवा वडील यांचा जुना भारतीय पासपोर्ट हाताशी असतो. आमच्याकडे अडचण निराळी होती. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर ज्या भारतीय अभियंत्यांना तेथील दार उघडले, त्यांत मोठे काका होते. पुढे त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, शिकागोतच जन्मला. तो कधीच भारताचा नागरिक नव्हता. त्यामुळे पुतणीचा भारताशी असलेला कायदेशीर धागा थेट आजोबांपर्यंत जात होता. मोठे काका दिवंगत झाले होते आणि त्यांचा भारतीय पासपोर्ट कोणत्याही कपाटात सापडत नव्हता.

या नोंदणीने काय मिळते व काय मिळत नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. आजीवन, कितीही वेळा ये-जा करण्याचा व्हिसा मिळतो. मुक्काम कितीही लांबला तरी परदेशी नागरिकांना करावी लागणारी पोलीस नोंदणी करावी लागत नाही. आर्थिक व शैक्षणिक बाबतींत बरेचसे अधिकार अनिवासी भारतीयांसारखे असतात. परंतु मतदानाचा हक्क मिळत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. संशोधन, पत्रकारिता अशा काही कामांसाठी स्वतंत्र परवानगी लागते. नावात 'सिटिझन' हा शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे.

आजी-आजोबांच्या जन्मस्थानावरून नातवंडांना प्रवेश देण्याची रीत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. ब्रिटनचा 'अँसेस्ट्री व्हिसा' याच तत्त्वावर उभा आहे. अर्जदार राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक असावा, वय किमान १७ वर्षे असावे, तेथे काम करण्याची क्षमता व इच्छा असावी, सरकारी साहाय्यावर न विसंबता राहता यावे आणि आजी-आजोबांपैकी एकाचा तरी जन्म ब्रिटनमध्ये, चॅनल बेटांवर किंवा आइल ऑफ मॅनवर झालेला असावा. आजच्या आयर्लंडमध्ये ३१ मार्च १९२२ पूर्वी झालेला जन्मही चालतो. हा व्हिसा पाच वर्षांचा असतो. सावत्र आजी-आजोबा चालत नाहीत, पणजोबाही चालत नाहीत. दत्तक नाते मात्र चालते. भारत राष्ट्रकुलात असल्याने भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीलाही हा अर्ज करता येतो. ज्या घरातील आजीचा जन्म तिच्या आईवडिलांच्या वास्तव्यात लंडन किंवा लेस्टर येथे झाला आणि पुढे ती लग्न होऊन भारतात आली, त्या घरातील नातवंडांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गोव्यातील उदाहरण अधिक परिचित आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या गोमंतकीयांचा जन्म लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून त्यांच्या मुला-नातवंडांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतल्याची उदाहरणे गावोगावी आढळतात. येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. व्हिसा घेतल्याने भारतीय नागरिकत्वाला बाधा येत नाही. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले, तर मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

या तिन्ही वाटांवर पुरावा मात्र एकाच प्रकारचा मागितला जातो. आजोबांचा जन्म कोठे झाला, वडील त्यांचेच पुत्र कशावरून, आणि अर्जदार त्या वडिलांचे अपत्य कशावरून? साखळीतील प्रत्येक कडी कागदाने जोडावी लागते. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर विवाहाचा दाखलाही लागतो. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून होत आली आहे आणि शुल्क भरून तिची प्रत मागवता येते. आंजीत १९३५ साली झालेल्या जन्माची नोंद कोठे शोधावी?

आमचा शोध गावच्या प्राथमिक शाळेपासून सुरू झाला. तेथील दाखल-खारीज रजिस्टरात मोठ्या काकांचे नाव सापडले. जन्मगाव आंजी, जन्मतारीख १ जुलै १९३६. ही १ जुलै महाराष्ट्रातील असंख्य वृद्धांची जन्मतारीख आहे. मुलाला शाळेत घालताना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी सोयीची तारीख लिहीत. मोठ्या काकांची पुढील सर्व प्रमाणपत्रे, अमेरिकेतील कागदपत्रेसुद्धा, याच तारखेची होती.

त्यानंतर कोतवाल बुकाचा शोध घेतला. विदर्भातील वाचकांना हा शब्द नवा नाही. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे पुढच्या मध्यप्रदेशात होता. तेथे गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठेवी आणि पोलीस ठाण्यात जाऊन ती नोंदवून घेई. त्या जुन्या नोंदवह्या आज तहसीलच्या अभिलेख कक्षात जपलेल्या असतात आणि अर्ज केल्यावर त्यांची नक्कल मिळते. आम्हाला मिळालेल्या नकलेत आमच्या आजोबांचे नाव होते, जात होती, मौजा आंजी होते आणि पुढे केवळ 'मुलगा' एवढाच शब्द होता. बाळाचे नाव नव्हते, कारण कोतवालाने खबर दिली तेव्हा बारसे व्हायचे होते. तारीख होती डिसेंबर १९३५ च्या पहिल्या आठवड्यातील.

दोन कागद हाती आले आणि दोघांत सात महिन्यांचे अंतर निघाले. कोतवाल बुकातील 'मुलगा' म्हणजे मोठे काकाच, हे कशावरून?

येथे माझे वडील, बाबूजी, मदतीला आले. त्यांचे वय आज ८५ आहे. माळ्यावरील लाल कापडात बांधलेल्या वह्या त्यांनी खाली काढायला लावल्या. त्या मुडिया लिपीत आहेत. काना, मात्रा, वेलांटी नसलेली ती लिपी आमच्या घरात आता फक्त बाबूजींनाच वाचता येते. दोन दिवस चष्मा पुसत पुसत त्यांनी संवत १९९२ ची रोकड वही वाचली. मार्गशीर्ष शुद्ध पक्षात, नेमक्या त्याच आठवड्यात, सुईणीला दिलेले लुगडे आणि गावात वाटलेला गूळ असा खर्च नावे टाकलेला होता. आजोबांनी आनंदाचाही हिशेब लिहून ठेवला होता. आणि मोठ्या काकांच्या आधी किंवा नंतरच्या चार वर्षांत या घरात दुसरा मुलगा जन्मला नव्हता.

रोकड वही हा सरकारी पुरावा नव्हे, हे आम्हाला ठाऊक होते. पण खरी तारीख कोणती, याविषयी आमच्या मनात शंका उरली नाही.

याच सुमारास एका मध्यस्थाने सोपा मार्ग सुचवला. "कशाला एवढी दगदग? १ जुलै १९३६ या तारखेचा, नावासकट नवा जन्मदाखला काढून देतो. सगळे कागद जुळतील." विलंबाने जन्मनोंद करण्याची तरतूद कायद्यात खरोखरच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १३ नुसार एक वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने, जन्माची सत्यता पडताळून अशी नोंद होऊ शकते. पण ती खऱ्या तारखेची. खरी तारीख हाती असताना खोटी तारीख शपथेवर लिहून देण्याची ती तरतूद नाही.

मी क्षणभर डळमळलो, हे कबूल केले पाहिजे. पुतणीचा अर्ज अडून राहिला होता आणि अंतर तर सात महिन्यांचेच होते. कोणाचे काय बिघडणार होते? बाबूजींनी वहीवरून मान वर केली आणि एकच शब्द उच्चारला, "कूटलेख." तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा एक. लहानपणी पाठशाळेत मी तो पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या दुपारी कळला. पुढे ते इतकेच म्हणाले, "भावाच्या नावावर मी खोटी तारीख चढवणार नाही. तो नाही म्हणायलाही आता नाही."

व्यवहाराच्या दृष्टीनेही तो मार्ग घातकच होता. फसवणुकीने, खोट्या माहितीने किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली ओसीआय नोंदणी केंद्र सरकार रद्द करू शकते. नागरिकत्व कायद्याखाली जाणूनबुजून खोटी माहिती देण्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. ब्रिटनच्या व्हिसासाठी खोटा दस्तऐवज जोडल्यास दहा वर्षे दार बंद होऊ शकते.

मग आम्ही दोन्ही कागद जसे होते तसेच जोडले. तारखांमध्ये फरक का आहे, हे बाबूजींनी सख्खा भाऊ या नात्याने प्रतिज्ञापत्रावर स्पष्ट लिहून दिले. शिकागोतील कपाटातून मोठ्या काकांचे अमेरिकी नागरिकत्वाचे जुने प्रमाणपत्र निघाले. त्यावर पूर्वीचे राष्ट्रीयत्व 'भारत' असे छापील रकान्यात नमूद होते. हा कागद इतका मोलाचा आहे, हे तोवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते. त्याला चुलत भावाचा आणि पुतणीचा जन्मदाखला जोडला. साखळी पूर्ण झाली. अधिक खुलासा मागणारे एक पत्र आले, त्याला उत्तर दिले आणि काही महिन्यांनी पुतणीचे कार्ड आले.

या अनुभवातून समाजबांधवांना काही सुचवावेसे वाटते. घरातील वृद्धांचे जन्मगाव, शाळा आणि जुने पासपोर्ट यांची विचारपूस ते हयात असतानाच करावी. मुदत संपलेला पासपोर्ट रद्दी समजून टाकू नये. नातवंडांसाठी तो सर्वांत सोपा पुरावा ठरतो. कोतवाल बुकाची व दाखल-खारीजची प्रमाणित नक्कल एकदा काढून ठेवावी. गावाचे नाव सर्वत्र एकसारखे लिहावे. आमच्या गावाच्या नावातील कंसातली 'मोठी' कोठे आहे, कोठे गळली आहे, यावरही प्रश्न उद्भवतात. तारखांत तफावत असेल तर ती लपवू नये. तिचे कारण जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र वेळीच करून घ्यावे. आणि नव्या पिढीच्या जन्मदाखल्यात बाळाचे नाव घातले आहे ना, हे पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारीख व जन्मस्थान सिद्ध करण्यास जन्मदाखला हाच आधार मानण्याचा कायदा झाला आहे.

आपण दुकानाची वही वर्षानुवर्षे जपतो. देणे-घेणे फिटल्यावरही ती फेकत नाही. माणसांची वही मात्र आपण कोणाच्या तरी स्मरणावर सोडून देतो, आणि ते स्मरण एके दिवशी माणसाबरोबरच निघून जाते.

पुतणी गेल्या माघात आंजीला आली. बाबूजींनी तिला माजघर दाखवले आणि मग संवत १९९२ ची वही तिच्या मांडीवर ठेवली. तिला त्यातील एक अक्षरही वाचता येईना. बाबूजींनी तिचे बोट धरून त्या ओळीवर टेकवले आणि गुळाचा खर्च मोठ्याने वाचून दाखवला. आता रोज सकाळी सामायिक आटोपले की ते तिला मुडिया शिकवतात.