घरच्या कचेरीचा टांचणी-फलक



२०२० सालच्या टाळेबंदीनें कचेरी घरांत आणली, आणि पुष्कळ घरांत तेव्हां मांडलेलें टेबल आजहि जागचें हललेलें नाहीं. टेबल आलें, खुर्ची आली, दिवा आला. कागदांना मात्र ठिकाण मिळालें नाहीं. विजेचें बिल पुस्तकांत जातें, विम्याच्या हप्त्याची सूचना रद्दींत जाते, आणि आजोबांच्या औषधांची चिठ्ठी नेमकी हवी असते त्याच रात्रीं सारें घर ती शोधूं लागतें. फोन आठवण करून देतो हें खरें; परंतु तो ज्याच्या खिशांत असतो त्यालाच देतो. भिंतीवरचा कागद घरांतल्या सर्वांना दिसतो. सबब, दोन सुट्यांच्या दिवसांत कोणासहि करतां येईल असा एक टांचणी-फलक कसा तयार करावा, तें आज सांगावयाचें आहे.

फलकाकडून आपल्या तीनच अपेक्षा असतात: टांचणी सहज शिरावी, शिरल्यावर घट्ट राहावी, आणि काढल्यावर भोंक बुजावें. या तिन्ही कसोट्यांस उतरणारा पदार्थ म्हणजे बूच. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यांतील चिमुकल्या कोठड्यांना ‘सेल’ हें नांव दिलें. आपण ज्यांना पेशी म्हणतों तें नांव तेथून आलें. या कोठड्यांत हवा भरलेली असते व त्यांच्या भिंती लवचिक असतात. टांचणी शिरतांना त्या दबतात व निघाल्यावर पुन्हां फुगतात. परंतु बूच ही एका जातीच्या ओक वृक्षाची साल आहे. पोर्तुगालमध्यें ती सर्वांत जास्त निघते. झाड सुमारें पंचवीस वर्षांचें झाल्यावर ती प्रथम काढतात व पुढें किमान नऊ वर्षें थांबतात. मग ती महाग पडावी यांत नवल नाहीं.

आपल्याकडे सॉफ्टबोर्ड मिळतो, तो कामास येतो. सैलसर दाबलेल्या तंतूंचा हा पत्रा टांचणीला वाट देतो व घट्ट धरूनहि ठेवतो. फक्त भोंक बुजवीत नाहीं. तें काम वरच्या कापडाकडे सोंपवावें. विणलेल्या कापडाचे धागे टांचणीपुढें बाजूस सरतात व मागाहून जवळ येतात. रेक्झिनवर मात्र भोंक कायम राहतें. म्हणून जाडसर खादी उत्तम. ती आधीं धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी, म्हणजे पुढें आटणार नाहीं.

आतां साहित्य. तीन फूट लांब व दोन फूट रुंद असा १२ मिलिमीटर जाडीचा सॉफ्टबोर्ड, त्याच मापाचें ६ मिलिमीटर प्लायवूड, चारी बाजूंनीं तीन-तीन इंच जास्त असें कापड, पाऊण इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या, फेव्हिकॉल, अर्ध्या इंचाच्या चुका आणि स्क्रू. सॉफ्टबोर्ड १२ मिलिमीटरांहून पातळ घेऊं नये. नाहीं तर टांचणीचें टोंक प्लायवूडवर आपटून वांकतें. तो करवतीनें न कापतां, पोलादी पट्टी धरून धारदार सुरीनें पांच-सहा हलक्या फेऱ्यांत कापावा, व त्या वेळीं नाकावर रुमाल बांधावा.

प्लायवूडवर फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन सॉफ्टबोर्ड बसवावा व जाड पुस्तकें ठेवून रात्रभर दाबावा. दुसऱ्या दिवशीं कापड जमिनीवर उलटें पसरून त्यावर फलक पालथा ठेवावा. चुका प्रथम प्रत्येक बाजूच्या मध्यावर, समोरासमोर माराव्या आणि मग कोंपऱ्यांकडे जावें. कोंपऱ्यापासून सुरुवात केली, तर सुरकुती मध्यें येऊन बसते व ती कांहीं केल्या निघत नाहीं.

टांगण्यासाठीं तीन इंच रुंद व अठ्ठावीस इंच लांब पट्टी सुताराकडून लांबीच्या दिशेनें ४५ अंशांत तिरपी चिरून घ्यावी. एक भाग फलकाच्या पाठीस वरच्या बाजूला डिंक व सव्वा इंची स्क्रू यांनीं जोडावा. दुसरा भिंतीस, असा कीं दोन्ही उतार एकमेकांत अडकतील. खालच्या बाजूलाहि तितक्याच जाडीची पट्टी लावली, म्हणजे फलक सरळ राहतो. मागें हवा खेळती राहिल्यानें पावसाळ्यांत बुरशीहि कमी धरते. तरीहि ज्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, ती टाळलेली बरी.

येथें एक सावधगिरी अवश्य पाळावी. भिंतींतील विजेच्या तारा बहुधा बटनांच्या पाटीपासून सरळ वर, सरळ खालीं किंवा आडव्या गेलेल्या असतात. त्या रेषांवर भोंक पाडूं नये. संशय आल्यास वायरमनला विचारावें. दुसरी गोष्ट टांचण्यांची. चपट्या डोक्याची टांचणी जमिनीवर पडली, म्हणजे टोंक वर करून बसते. रांगतें मूल असलेल्या घरांत उंच मुठीच्या टांचण्या घ्याव्या. त्या आडव्या पडतात व चटकन दिसतात. त्यांची संख्याहि ठरलेली असावी, म्हणजे एक हरवली तरी कळेल.

फलक तयार झाला. आतां त्याचा उपयोग. ज्या कागदाचें काम अद्याप व्हावयाचें आहे, तोच येथें लावावा, व त्याच्या कोंपऱ्यांत मुदतीची तारीख ठळक लिहावी. काम झालें कीं कागद खालीं उतरलाच पाहिजे. जन्माचा दाखला, खरेदीखत अशीं कागदपत्रें येथें टांचूं नयेत. दुकानांतील यंत्रांतून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या उजेडानें व उष्णतेनें पुसट होतात. त्यांची प्रत लावून मूळ पावती पाकिटांत ठेवावी. औषधांच्या चिठ्ठीची प्रत मात्र वरच्या उजव्या कोंपऱ्यांत कायम असावी, आणि तो कोंपरा दुसऱ्या कोणत्याहि कागदाला देऊं नये.

गच्च भरलेल्या फलकाकडे चार दिवसांत कोणी पाहीनासें होतें. म्हणून दर रविवारीं घरांतील एकानें त्याच्यापुढें पांच मिनिटें उभें राहून झालेलें काढावें. मग एखाद्या रात्रीं आजोबांना बरें वाटेनासें झालें, तर निदान चिठ्ठी शोधण्यांत वेळ जाणार नाहीं.