चांदीचे चार चमचे

मुलांनो, उद्या सकाळी तुम्हाला अचानक भरपूर पैसे मिळाले, तर काय कराल? वर्गात हा प्रश्न विचारला की सायकल, मोबाईल, मोठ्ठा बंगला अशी यादी करता करता फळा पुरत नाही. यादी करायला काय पैसे पडतात थोडेच!

जॉन वेस्ली नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकांच्या हाती मात्र असे ध्यानीमनी नसताना खरोखरच पैसे आले. मुंबई-पुण्यात 'मेथडिस्ट चर्च' अशी पाटी तुम्ही वाचली असेल. त्या पंथाची सुरुवात यांच्यापासून झाली.

वेस्लींचा जन्म १७०३ सालचा. वडील एपवर्थ गावचे पाद्री, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. १७०५ मध्ये तीस पौंडांहूनही कमी कर्जापायी वडिलांना तुरुंगात जावे लागले. अशा घरातला हा मुलगा ऑक्सफर्डला शिकला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. हाती पैसे आले तेव्हा आपण करू तेच त्यांनीही केले. खोलीच्या भिंतींवर लावायला चित्रे घेतली!

एकदा कडाक्याच्या थंडीत एक मुलगी त्यांच्याकडे आली. वेस्ली आणि त्यांचे मित्र ज्या गरीब मुलांना शिकवायचे, त्यांतलीच ती. अंगात एक पातळसा झगा. "दुसरं काही नाही का घालायला?" तर नाही. वेस्लींनी खिशात हात घातला, पण पैसे जवळजवळ संपलेले. त्यांची नजर भिंतीकडे गेली. या चित्रांच्या पैशात हिला ऊब मिळाली असती, आता देवाला काय तोंड दाखवायचं, असे त्यांना वाटले.

हे 'देवाला तोंड दाखवणे' नीट समजून घ्या. ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे पैशाचा खरा मालक देव, आपण नुसते कारभारी. येशू ख्रिस्तांनी एका शेतकऱ्याचा दाखला सांगितला आहे. त्याला एका वर्षी अमाप पीक आले. जुनी कोठारे पाडून मोठी बांधू, मग वर्षानुवर्षे खाऊ-पिऊ, असा बेत त्याने केला, आणि त्याच रात्री त्याचे मरण आले! त्याने काही चोरले नव्हते. कोठारे भरताना त्याला स्वतःशिवाय कोणी आठवले नाही, एवढेच.

वेस्लींनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब सांगितला. नाव घेतले नाही, पण तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे त्यांचे अनेक चरित्रकार मानतात. वर्षाची मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. पुढच्या वर्षी मिळकत ६०. खर्च किती असेल? २८च! दान ३२. मग ९० झाली, मग १२०. दानाचे आकडे तुम्हीच काढा. (आईबाबांनो, पगार वाढल्यावर आपल्या वहीत कोणता रकाना वाढतो, ते मात्र मी विचारत नाही.)

पुढे गरिबांना परवडावीत म्हणून त्यांनी छोटी पुस्तके काढली, बहुतेकांची किंमत एक पेनी. ती इतकी खपली की वेस्ली न कळत श्रीमंत झाले. तोही पैसा ते वाटतच राहिले. त्या काळी चांदीच्या भांड्यांवर कर असे. एवढ्या नावाजलेल्या माणसाने चांदी लपवली असणार, असे सरकारी अधिकाऱ्यांना वाटले. १७७६ मध्ये वेस्लींनी त्यांना उत्तर पाठवले: लंडनला दोन चमचे, ब्रिस्टलला दोन, आसपास इतके लोक भाकरीवाचून असताना आणखी घेणार नाही.

भरपूर मिळवा, बचत करा आणि द्या, असे ते सांगत. मिळवताना मात्र स्वतःची तब्येत बिघडवायची नाही, शेजाऱ्याचे नुकसान करायचे नाही. गंमत पाहा, अनुयायांनी पहिल्या दोन गोष्टी चटकन उचलल्या. कष्टाळू, काटकसरी माणसे ती, बघता बघता सधन झाली. तिसरी गोष्ट पुष्कळांना जड गेली. म्हातारपणी वेस्लींना याचीच खंत वाटे.

जानेवारी १७८५ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, हे गृहस्थ वितळत्या बर्फातून घोट्याएवढ्या पाण्यात लंडनभर फिरले. गरिबांना कपडे घ्यायचे होते. दारोदार मागून त्यांनी २०० पौंड जमवले.

१७९१ मध्ये ते वारले. मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, शवपेटीसाठी घोडागाडी नको. सहा गरीब माणसांनी ती उचलावी आणि प्रत्येकाला एक पौंड द्यावा.