वावडे : ताटातले आणि वाऱ्यातले

बेंगळूरुला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. पुण्याहून किंवा बेळगावहून येताना ठणठणीत असलेला माणूस दोन-तीन वर्षांत सकाळी उठल्याबरोबर शिंकू लागतो. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते आणि पहाटेच्या सुमारास मुलाला खोकल्याची ढास लागते. या दुखण्याचा पहिला निवाडा होतो तो स्वयंपाकघरात. दही बंद होते, केळे बंद होते, पेरू आणि ताक 'थंड' ठरून हद्दपार होतात; पुढे कोणी दूध सोडावयास सांगतो, कोणी गहू. महिने जातात, शिंका मात्र थांबत नाहीत. कारण पुष्कळदा दोषी ताटात नसतोच. तो खिडकीतून आत येत असतो.

शरीराला एखादी वस्तू न मानवणे याला मराठीत 'वावडे' म्हणतात. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'अ‍ॅलर्जी' ही संज्ञा घडविली, तेव्हा मराठी माणसाला त्यामागील कल्पना नवी वाटण्याचे कारण नव्हते. शास्त्रीय अर्थ मात्र अधिक काटेकोर आहे. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला, बहुधा प्रथिनाला, शत्रू समजून त्याच्यावर शस्त्र उगारणे म्हणजे अ‍ॅलर्जी होय. नेहमीच्या अ‍ॅलर्जीत हे शस्त्र म्हणजे 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत त्याचा छडा लावला, आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक हे संशोधकही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेथेच येऊन पोचले.

नाक, श्वासनलिका, त्वचा आणि आतडे यांच्या अस्तरांत मास्ट पेशी असतात. ही प्रतिपिंडे त्यांच्या पृष्ठभागावर चिकटून दबा धरून बसतात. नेमके ते प्रथिन येऊन भिडले की पेशी फुटल्यासारखी उघडते आणि तिच्यातील हिस्टामीन व इतर दाहक द्रव्ये बाहेर पडतात. हे नाकात घडले तर शिंका, श्वासनलिकेत घडले तर दम लागणे, त्वचेत घडले तर अंगावर गांधी. या गांधींना आपल्याकडे 'पित्त उठले' म्हणतात. यकृतातील पित्ताशी त्यांचा काही संबंध नाही. प्रतिपिंडे तयार होण्यास मात्र काळ लागतो. म्हणूनच नव्या गावी गेल्याबरोबर त्रास न होता एक-दोन ऋतू गेल्यावर तो सुरू होतो, आणि त्यामुळेच तो हवेचा आहे ही शंका कोणाला येत नाही.

'वावडे' हा शब्द रोजच्या बोलण्यात जितका सोयीचा, तितकाच घोटाळा करणाराही आहे. दूध प्याल्यावर ज्याचे पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात, त्यालाही दुधाचे वावडे आहे असेच म्हणतात. येथे प्रतिपिंडांचा संबंध नसतो. दुधातील साखर पचविणारे विकर वाढत्या वयात कमी होते इतकेच. असा माणूस दही बहुधा निर्धास्त खाऊ शकतो, थोडे दूधही त्याला चालते. दुधातील प्रथिनाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला मात्र चमचाभर दूधही धोक्याचे ठरू शकते. वांग्याचीही अशीच गोष्ट आहे. वांगे खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते म्हणणारी माणसे घरोघरी आढळतात; म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी या खाजेचा अभ्यासही केला आहे. वांग्यात मुळातच हिस्टामीनसारखी द्रव्ये असल्याने अ‍ॅलर्जी नसतानाही खाज सुटू शकते.

खऱ्या अन्न-अ‍ॅलर्जीचे प्रमाण किती, याचे उत्तर बेंगळूरु व म्हैसूर येथेच शोधले गेले. युरोपातील एका मोठ्या संशोधन-योजनेचा भाग म्हणून या दोन शहरांतील प्रौढांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण होते शेकडा २६.५. आणि ज्यांना ते अन्न खाऊन खरोखर त्रास होत असावा, असे किती? शेकडा १.२, त्यांत दूध आणि सफरचंद हे प्रमुख. याच योजनेतील शाळकरी मुलांच्या पाहणीत (२०२०) भारतीय मुलांत हे प्रमाण शेकडा ०.१४ इतके अल्प निघाले.

या दोन आकड्यांमधील अंतर प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घ्यावे, कारण मुलाचे पोषण त्यावर अवलंबून आहे. रक्त तपासून पन्नास-शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्या आज सहज मिळतात. वरील हिशेबाने शंभर धडधाकट माणसांची अशी तपासणी केली तर पंचवीस-सव्वीस जणांच्या कागदावर काही ना काही 'दोष' लिहून येईल, आणि त्यांतील बहुतेकांना ते अन्न बिनबोभाट पचत असेल. रक्तात प्रतिपिंड असणे म्हणजे रोग असणे नव्हे. काही प्रयोगशाळा 'आयजीजी' या निराळ्याच प्रतिपिंडाचे मोजमाप करून पथ्य सांगतात. ते प्रतिपिंड तर ते अन्न खाण्यात आहे एवढेच दर्शविते. अशा कागदाच्या आधारे वाढत्या मुलाचे दूध, अंडे, गहू आणि डाळ एकदम तोडणे हा आजारापेक्षा मोठा अपाय होय.

मग खरे वावडे ओळखावे कसे? त्याची वागणूक ठरावीक असते. पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत लक्षणे दिसतात आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा तीच दिसतात. ओठ-पापण्या सुजणे, गांधी उठणे, उलटी, घसा आवळल्यासारखा होणे, धाप लागणे ही ती लक्षणे. आठवडाभराने येणारी शिंक किंवा महिनोन् महिने चालणारी सर्दी या साच्यात बसत नाही. जगभर ज्यांच्याकडे बोट दाखविले जाते ते पदार्थ म्हणजे दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-अक्रोडासारखी फळे, मासे, कोळंबी, गहू व सोयाबीन. भारतात त्यांत हरभऱ्याची भर घालावी लागते. मुंबईचे डॉ. निफाडकर व त्यांचे सहकारी यांनी १९९७ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांतून हरभऱ्याची तीव्र अ‍ॅलर्जी पुढे आणली. पुरणपोळी, पिठले, भजी आणि लाडू यांवर पोसलेल्या घरांना ही माहिती विशेष मोलाची आहे. वेष्टनावर अ‍ॅलर्जीकारक घटक छापण्याची सक्ती करणाऱ्या २०२० च्या केंद्रीय नियमावलीतील यादीत शेंगदाणा व सोयाबीन आहेत, हरभरा नाही. तेव्हा अशा कुटुंबाने घटकांची संपूर्ण यादी वाचूनच खाद्यपदार्थ घ्यावा.

सफरचंदाचा उल्लेख वर आला. कच्चे सफरचंद खाल्ले की काहींचे ओठ व टाळू खाजतात, पण शिजविलेले सफरचंद त्यांना बाधत नाही. याचे कारण पुष्कळदा ताटात नसून वाऱ्यातच असते : परागातील काही प्रथिने आणि फळातील प्रथिने यांची घडण इतकी सारखी असते की प्रतिपिंडे फसतात. युरोपात भूर्जवृक्षाच्या परागाबाबत हे प्रथम नीट ध्यानात आले.

संशय पक्का वाटल्यास महिनाभर नोंदवही ठेवावी : काय खाल्ले, किती वाजता, काय झाले आणि किती वेळाने. ही वही डॉक्टरांना कोणत्याही महागड्या चाचणीइतकी उपयोगी पडते. त्वचेवरील टोचणी-चाचणी किंवा रक्तचाचणी या वहीतील संशयिताचीच करावी. अंतिम निर्णय देखरेखीखाली तो पदार्थ अल्प प्रमाणात खाऊ घालून होतो. तो प्रयोग रुग्णालयातच व्हावयास हवा, घरी कधीही नव्हे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत जुना सल्ला तर पार उलटला आहे. शेंगदाणा उशिरा सुरू करावा असे पूर्वी सांगत. लंडन येथे झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिला गेला, त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी सुमारे चार-पंचमांशाने कमी आढळली. सहाव्या महिन्याच्या सुमारास वरच्या अन्नाबरोबर बारीक कूट पेजेत मिसळून द्यावे. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, तो देऊ नये. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

क्वचित घडणारा पण प्राणघातक प्रसंग ओळखता आलाच पाहिजे. अन्न, औषध किंवा मधमाशीचा दंश यांनंतर काही मिनिटांत गांधींबरोबर धाप लागली, आवाज बसला, चक्कर आली वा वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर 'अ‍ॅलर्जीची गोळी' देऊन वाट पाहणे ही जीवघेणी चूक आहे. येथे उपयोगी पडणारे एकच औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलीनचे इंजेक्शन. रुग्णाला आडवे निजवावे, पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर टेकून बसू द्यावे, एकाएकी उभे करू नये. कर्नाटकात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. रुग्णालय जवळ असल्यास तिचीही वाट पाहू नये.

आता वाऱ्याकडे वळू. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळूरुत कडक थंडी नाही की होरपळणारे ऊन नाही. माणसांना सुखावणारी ही हवा गवतांना, बुरशीला आणि गाद्या-उशांतील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांनाही मानवते. त्यामुळे युरोपाप्रमाणे येथे परागांचा एकच ठळक ऋतू नसतो. एक ओसरतो तोच दुसरा येतो. बेंगळूरु विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. एन. आगाशे व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात शहराच्या हवेतील परागांची मोजदाद करून त्यांचे पंचांगच तयार केले. गवते, सुरू, निलगिरी आणि गाजर गवत ही त्यांतील ओळखीची नावे.

येथे एका निरपराध्याची बाजू मांडणे अगत्याचे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्ते टॅबेबुया व नीलमोहराच्या बहराने भरून जातात आणि शिंकांचा दोष लोक या फुलांना देतात. परंतु डोळ्यांत भरणारे फूल हे कीटक-पक्ष्यांसाठी असते. त्याचा पराग जड, चिकट, वाऱ्यावर फारसा न जाणारा. खरा अपराधी बहुधा ओळखूही येत नाही अशा फुलाचा असतो, कारण वाऱ्याला रंगाची गरज नसते.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, हे पुण्याच्या वाचकांना सांगावयास नको. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली पुण्याहूनच त्याच्या आगमनाची नोंद केली. त्यानंतर ते देशभर माजले. पुण्यात १९७० च्या दशकात त्याची ख्याती झाली ती त्वचारोगासाठी. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे शेतात-मैदानात वावरणाऱ्यांचा चेहरा, मान व कोपरांच्या घड्या सोलवटून निघत. हा रोग आयजीईचा नव्हे. तो संरक्षक पेशींमुळे सावकाश, दोन-तीन दिवसांनी उमटतो. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बा राव व सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले की याच झाडाचा पराग नाकावाटे गेला की तत्काळ स्वरूपाची सर्दीही होते, आणि ती शहरात अपवादात्मक नाही.

अशी सर्दी साध्या सर्दीपासून वेगळी काढता येते. ताप नसतो, स्राव पाण्यासारखा, शिंका ओळीने दहा-बारा, डोळ्यांना खाज, आणि मुदत आठवड्याची नसून महिन्यांची. मूल तळहाताने नाक सारखे वर घासते, झोपेत तोंडाने श्वास घेते, सकाळी पेंगुळलेले असते. शाळेत त्याला आळशी म्हणतात. शिवाय नाक आणि श्वासनलिका ही एकाच रस्त्याची दोन टोके आहेत. बेंगळूरुचे बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी रुग्णालयात येणाऱ्या मुलांच्या नोंदींवरून दम्याचे प्रमाण १९७९ साली शेकडा ९, तर १९९९ साली २९.५ असल्याचे नमूद केले. हे आकडे रुग्णालयाचे आहेत, साऱ्या शहराचे नव्हेत. तरी वाढ डोळ्याआड करण्याजोगी नाही.

उपाय साधे आहेत, चिकाटी मात्र हवी. बाहेरून आल्यावर तोंड-केस धुणे, कपडे बदलणे, अंथरुणाची आवरणे आठवड्याला कढत पाण्यात धुणे, भिंतीची ओल दुरुस्त करणे. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून नाक धुतल्याने अनेकांना बरे वाटते. औषधांत गुंगी न आणणाऱ्या सेटिरिझीन, लोराटाडीनसारख्या गोळ्या खाज-शिंकांवर चालतात. नाक चोंदण्यावर नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा अधिक गुणकारी. त्याचे नाव ऐकून पालक बिचकतात, पण मात्रा अल्प असते आणि पूर्ण गुण येण्यास रोज एक-दोन आठवडे तो वापरावा लागतो. नाक चटकन मोकळे करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे वापरू नयेत. नाक त्यांच्याविना उघडेनासे होते. छातीत घरघर असेल तर दम्याचे उपचार वेगळे घ्यावे लागतात. याने भागत नसेल तर परागाची मात्रा थोडी थोडी वाढवीत तीन ते पाच वर्षे देण्याची पद्धत आहे. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी ती १९११ साली प्रथम प्रसिद्ध केली.

गाजर गवताचा समूळ बंदोबस्त अजून कोणाला साधलेला नाही. १९८४ साली बेंगळूरुजवळील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा त्यावर सोडला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो. पण कोरड्या महिन्यांत जमिनीत दडून राहतो आणि तेवढ्यात गवत पुन्हा फोफावते. म्हणून घराभोवतीचे गवत पहिल्या पावसानंतर, माती ओली असताना आणि फुले येण्याआधीच मुळासकट उपटावे. उपटणाऱ्याने हातमोजे व लांब बाह्यांचा सदरा घालावा, आणि घरात ज्याला त्याचे वावडे आहे त्याच्यावर हे काम सोपवू नये.