खोलीतला तपकिरी किडा कोण?

ट्यूबलाइटखाली बारीक तपकिरी किडा दिसला की हॉस्टेलवर एकच ओरड होते, "ढेकूण!" लगेच गाद्या बाहेर, स्प्रे सुरू. थांबा, आधी नीट बघा.

ढेकूण चपटा, साधारण ५ मिमीचा. त्याला उडता येत नाही. आपला पाहुणा २-३ मिमी, फुगीर आणि उडणारा असेल तर तो मसाल्यातला भुंगा. भिंग घ्या. पाठ गुळगुळीत, मिशा करवतीसारख्या? सिगारेट बीटल. पाठीवर उभ्या रेघा, मिशांच्या टोकाला तीन मोठे मणी? ड्रगस्टोअर बीटल. दोघंही रक्त पीत नाहीत. घरून आणलेल्या हळद, धने, मिरचीत त्यांची अळी वाढते. पुडीला बारीक गोल भोकं दिसली की समजा.

उपाय आपल्याच भागातला आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत साठवत. पेव बंद केलं की आतला ऑक्सिजन कमी होतो, कीड जगत नाही. म्हणून किडलेली पुडी फेका, कपाट पुसा, नवा मसाला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एक मात्र लक्षात ठेवा. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोलीत आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसाचाही जीव घेतो. मसाल्याची पुडी नवी मिळते, रूममेट नाही.